ट्रेलरची चाचणी : स्टिअरिंगआधी डोळे आणि झोप

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या अरुंद आवारात ट्रॉली मागे लावणारी पोरे वऱ्हाडात गावोगाव सापडतात. त्यांच्यातलाच एखादा पुढे ट्रेलरचा परवाना काढायला निघतो, तेव्हा त्याची निम्मी तयारी झालेली असते. उरलेली निम्मी त्याच्या शरीराची असते आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही.

आधी गाडीचे. ट्रेलरच्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला चालक ‘घोडा’ म्हणतात. मागचा सांगाडा त्याच्या पाठीवर किंगपिन नावाच्या खुंटीने अडकवलेला असतो. मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवले, की ट्रेलरचे शेपूट डावीकडे जाते. दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच. (चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आसही फिरतो, म्हणजे सांधे दोन. ती मागे लावणारा खरा वस्ताद!) स्टिअरिंगची खालची बाजू धरली, तर हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर वळतो. फक्त लांब ट्रेलर उशिरा ऐकतो. नवशिका धीर सोडून आणखी फिरवतो आणि मग गाडी आवरत नाही. अरुंद जागेत डावी-उजवीकडे गाडी मागे घेणे हा चाचणीचाच भाग आहे.

वळणावर मागची चाके आतून कापत जातात, म्हणून डाव्या बाजूच्या दुचाकीस्वाराला जपावे लागते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्याने घोड्याची मागची चाके लॉक झाली, तर मागचा भार ढकलतच राहतो आणि गाडी अडकित्त्यासारखी मिटते.

आता शरीराचे. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान २० वर्षे आणि हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना असावा लागतो. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, त्याला ‘नमुना १-अ’ म्हणतात. भरदिवसा २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा, फेफरे किंवा चक्कर येते का, ऐकू नीट येते का, असे प्रश्न त्यात असतात. हा कागद सही-शिक्क्यापुरता उरकू नये. चष्मा लागला म्हणून परवाना जात नाही. २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणाही मोटार परवान्याच्या आड येत नाही. दडवलेले फेफरे मात्र रस्त्यावर उघडे पडते. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी पोटी स्टिअरिंगवर बसू नये. साखर अचानक उतरली, तर आधी विचारशक्ती मंदावते.

झोपेची तपासणी या कागदात नीट होतच नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच. हजिऱ्याहून पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ अकोल्यावरून जातो. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. गुळगुळीत, सरळ रस्ता आणि पहाटे दोन ते पाचची वेळ, डोळा लागायला आणखी काय हवे? ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ५० मीटर, चालकाविना.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे एक थेंब न पिताही माणूस मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. रात्री मोठ्याने घोरणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराने त्रस्त असू शकतो. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना स्वतःहून सांगायला हवे.

अकोल्याचा मे महिना वेगळा सांगायला नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे धावतील. तहान लागण्याआधी पाणी प्यावे.

चाचणीआधीच्या दोन रात्री पुरती झोप घ्यावी. सर्दीची बरीच औषधे गुंगी आणतात, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. पुढे लांबच्या फेरीवर डोळे जड झाले, तर गाडी ढाब्याच्या आवारात, रस्त्याबाहेर लावावी, चहा प्यावा आणि लगेच वीस मिनिटे पडावे. चहाचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो.