पगारी शिपायाचे स्मरण

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि तुकडीचे नायक यशवंत घाडगे सोडून सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. घाडगे त्या मशीनगनवरच धावून गेले. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, मग मॅगझीन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केले. पाठोपाठ शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय २२. त्याच पावसाळ्यात अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांचे कैदी जवाहरलाल नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. ज्या सरकारने नेहरूंना कोंडले, त्यानेच घाडग्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला. आपल्या आठवणीची अडचण नेमकी इथे आहे.

अशा शिपायाच्या स्मरणावरचा आक्षेप सरळ आहे. युक्रेनमध्ये २०२२ पासून रोज सकाळी नऊ वाजता युद्धातल्या मृतांसाठी मिनिटभर स्तब्धता पाळतात, पण तिथला स्वयंसेवक स्वतःच्या घरादारासाठी लढला. घाडगे परक्या राजासाठी लढले, तेही पगारावर. भारताला न विचारता इंग्रजांनी १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धात ओढले, याच कारणावरून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. मग पोटासाठी गेलेल्याला हुतात्मा का म्हणायचे? म्हणू नये, असे माझेही मत आहे. त्या शब्दात त्यांच्यावर आपले राजकारण लादले जाते. पण हुतात्मा नाही म्हणजे भाडोत्री, हा हिशेब चुकीचा आहे. त्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सक्तीची भरती नसताना फौजेत होते. सक्ती नव्हती याचा अर्थ मोकळी निवड होती असाही नाही. कोकणातल्या जमिनीच्या तुकड्यावर किंवा नगरच्या कोरडवाहू रानावर ज्याचे भागत नाही, त्याच्या घरी महिन्याचा पगार हेच मोठे कारण असते. त्यात लाजण्यासारखे काय? शिवाय पगार भरतीचा खुलासा करतो. सगळे साथीदार पडल्यावर मागे न फिरता पुढे जाण्याचा खुलासा त्यातून होत नाही.

दुसरी अडचण व्हिक्टोरिया क्रॉसच्या गौरवपत्राची. ते त्या काही क्षणांबद्दल बोलते, आधीच्या बावीस वर्षांबद्दल गप्प राहते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा मुलगा टायबरपर्यंत का पोचला, हे त्यात सापडत नाही. कबरही सापडत नाही, इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावे स्मारक म्हणून सूर्यघड्याळ उभारले. पुतळ्यापेक्षा ही कल्पना मला शहाणी वाटते, कारण शौर्याच्या ठरीव पवित्र्यात ती माणसाला गोठवत नाही.

नगर जिल्ह्यात याच कथेची दुसरी बाजू आहे. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव त्याच रेजिमेंटचे आणि घाडग्यांच्याच वयाचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले, मग मशीनगनची ठाणी मोडली. हाताला जखम झाल्यावर बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्बवर भागवले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते १९८४ पर्यंत जगले. फौजेत का गेलात, हे त्यांना विचारायला आपल्याकडे जवळजवळ चाळीस वर्षे होती. घाडग्यांच्या बाबतीत तो प्रश्न पळसगावच्या मातीलाच विचारावा लागतो.