वूफरचा काठ

एडगर व्हिलचर न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी राहत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकचा एक बारा इंची स्पीकर घेतला, त्याच्या हलणाऱ्या शंकूभोवतीचा, म्हणजे कोनाभोवतीचा, ताठ काठ कापून टाकला आणि त्या जागी गादीच्या खोळीचे कापड लावले. कापडाचा नमुना त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी आखून दिला. पुढे जगभर गाजलेल्या स्पीकरांच्या एका घराण्याची सुरुवात अशी जुन्या स्पीकरला नवा काठ, म्हणजे सराउंड, बसवण्यापासून झाली. आज त्या घराण्यातला एआर-३ए दुरुस्तीला येतो, तेव्हा कारागीर बहुधा हेच काम करत असतो.

त्या काळी कोन मागे खेचायचे काम त्याच्या ताठ काठाचे असे. मोठ्या हालचालीत हा काठ सारख्या प्रमाणात ताण देत नाही, म्हणून खर्जाचे सूर विद्रूप होत. व्हिलचर यांनी काठ अगदी सैल केला, पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनवले. हवेचा दाब कितीतरी अधिक नेमका वागतो. शिवाय पेटी लहान झाली तरी खर्ज टिकला. मोठ्या कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. तेव्हा व्हिलचर यांनी आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्यासह १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. तिचा पहिला स्पीकर एआर-१. नंतरच्या एआर-३ मध्ये मधल्या आणि वरच्या सुरांसाठी घुमटाकार डोम आले. कंपनी ‘फाइन आर्ट्स क्वार्टेट’ या तंतुवाद्यांच्या चौकडीला मंचावर बसवून जाहीर प्रयोग करी. वादक मध्येच तारांवरून गज उचलून नुसता वाजवल्याचा अभिनय करत, आवाज स्पीकरमधून येई आणि अनेक श्रोत्यांना बदल कळत नसे.

१९६७ मध्ये एआर-३ए आला आणि त्याच वर्षी कंपनी टेलिडाइनला विकली गेली. पुढे थोड्याच काळात वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, कापडी काठ जाऊन फोमचा आला. या स्पीकरचे दुखणे तिथे आहे. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतो, मग स्पीकर वाजवा किंवा न वाजवता ठेवा. मुंबईच्या किंवा कोकणातल्या हवेत असा फोम ठेवून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. बोट लावले की काठ भुगा होऊन पडतो, कधी जुन्या काकवीसारखा चिकट होऊन बोटाला लागतो. कापडी काठाचे जुने नग मात्र आजही शाबूत सापडतात. त्यांच्या कापडावरचा लेप विरून हवा गळू लागली, तर नवा लेप द्यावा लागतो, एवढेच.

दुरुस्तीत खरा वेळ खाते ते जुना गोंद काढणे. कोनाची कड कागदी असते, घाई केली की सोलून निघते. कडेला अल्कोहोल लावून, बोथट पात्याने इंचाइंचाने पुढे जायचे. मग कोनाच्या मधली टोपी (डस्ट कॅप) कापून कोन हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, आणि चुंबक यांच्या फटीत पातळ पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे नवा काठ चिकटताना कॉइल मधोमध राहते. काही कारागीर पट्ट्या वापरत नाहीत. ते २०-३० हर्ट्झचा सूर सोडून कोन हलता ठेवतात आणि कुठे घासल्याचा आवाज येत नाही ना, हे ऐकत गोंद सुकू देतात.

फोमचा मऊपणा इथे सगळ्यात महत्त्वाचा. बाजारात बारा इंची काठ सहज मिळतो, पण मापात बसला म्हणून तो चालेल असे नाही. ताठ काठ बसवला की व्हिलचर यांनी कापून टाकलेली तीच स्प्रिंग पुन्हा आत येते, स्पीकरचा अनुनाद वर सरकतो आणि खर्ज उणा होतो. नवा काठ सुंदर दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला शंकाही येत नाही. वूफर परत बसवताना फट बुजवणारी जुनी पुटी सर्व बाजूंनी नीट दाबायची. मग कोन हलकेच आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे, झटकन उसळला तर हवा गळते आहे.

वरच्या सुरांचा डोम, म्हणजे ट्वीटर, गप्प असला की लोक तो जळाला असे समजतात. पुष्कळदा दोष मागच्या दोन लेव्हल कंट्रोलांचा निघतो, त्यांच्या तारेवर आणि संपर्कावर गंज चढलेला असतो. साफ करून भागले नाही तर त्यांच्या जागी एल-पॅड नावाचे नवे नियंत्रक लावतात. सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हर सर्किटमधले १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर मीटरवर मोजल्याशिवाय बदलू नयेत. नव्या महाग कंडेन्सरांनी ‘सुधारलेला’ एआर-३ए माझ्या मते दुरुस्त झालेला नसतो. मूळ डोम खराब असेल तर तशाच जुन्या स्पीकरातून काढलेला दुसरा शोधावा. आकाराने जवळचा म्हणून बसवलेला परका ट्वीटर क्रॉसओव्हरशी जुळत नाही.

घरात वडिलांच्या काळचा बंद पेटीचा स्पीकर असेल, तर वाजवण्याआधी जाळी काढून वूफरचा काठ पाहा. फाटका काठ घेऊन मोठ्या आवाजात वाजवलेल्या स्पीकरची कॉइल घासून जाते आणि थोडक्यात होणारे काम महागात पडते. दुरुस्तीला देताना काठ कोणत्या मॉडेलचा बसवणार, हे आधी विचारा. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग परत मागून घ्या.