निकोला टेस्ला आपल्या मित्रांना पत्रांत काय लिहायचे? 'एकाकी जीनियस'ची दुसरी बाजू

निकोला टेस्ला यांच्याबद्दलच्या दोन पोस्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी येऊन गेल्या असतील. एकीत त्यांच्या फोटोखाली विश्वाच्या रहस्यांबद्दलचं एखादं गूढ वाक्य असतं. दुसरीत लिहिलेलं असतं की, जगाला वीज देणारा हा माणूस आयुष्यभर एकटा राहिला आणि हॉटेलच्या खोलीत एकटाच गेला.

यातला शेवट खरा आहे. 7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कच्या 'न्यूयॉर्कर' हॉटेलमध्ये 86 वर्षांच्या टेस्लांचं निधन झालं, तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. त्यांनी लग्नही केलं नव्हतं. पण 'आयुष्यभर एकटे'? त्यांची पत्रं वाचली की हे चित्र बदलतं.

कोण होते हे मित्र?

रॉबर्ट अंडरवूड जॉन्सन आणि त्यांच्या पत्नी कॅथरिन. रॉबर्ट 'सेंच्युरी' या अमेरिकेतल्या नावाजलेल्या मासिकाचे संपादक आणि कवी. योसेमिटी राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून जॉन म्यूर यांच्यासोबत झटणारे तेच. 1893 च्या सुमारास एका विद्युत-पत्रिकेचे संपादक टी. सी. मार्टिन यांनी टेस्लांची या दांपत्याशी ओळख करून दिली. त्यानंतर न्यूयॉर्कमधलं जॉन्सन यांचं घर टेस्लांसाठी हक्काचं झालं. एकाच शहरात राहूनही त्यांच्यात चिठ्ठ्या आणि पत्रं जात-येत राहिली.

'फिलिपोव्ह' ही काय भानगड?

टेस्ला जन्माने सर्ब. सर्बियन कवी योव्हान योव्हानोविच झ्माय यांच्या कविता ते रॉबर्टना समजावून सांगत आणि रॉबर्ट त्या इंग्रजीत उतरवत. त्यातल्या एका कवितेचा नायक होता लुका फिलिपोव्ह नावाचा लढवय्या. रॉबर्टना तो इतका आवडला की टेस्लांनी त्यांचंच नाव 'लुका' ठेवलं, आणि कॅथरिन झाल्या 'मादाम फिलिपोव्ह'. पुढची अनेक वर्षं पत्रांत हीच नावं येत राहिली. बाहेरच्या जगात कडक इस्त्रीचे कपडे घालून मोजकं बोलणारा माणूस इथे मनसोक्त थट्टा करताना दिसतो.

आग लागली तेव्हा कोण धावलं?

13 मार्च 1895 च्या पहाटे टेस्लांची न्यूयॉर्कमधली प्रयोगशाळा जळून खाक झाली. यंत्रं, नोंदी, वर्षानुवर्षांची मेहनत, सगळं गेलं. विमा नव्हता. टेस्ला सुन्न होऊन कुणालाच भेटेनात. तेव्हा कॅथरिन यांनी लगेच पत्र लिहून, अशा वेळी तुम्ही आमच्याकडे का येत नाही, असं विचारलं. त्या पत्रात शोधांबद्दल काही नाही. आहे ती फक्त मित्राची काळजी.

मग एकटेपणाचं काय?

तेही पत्रांत आहेच, पण पोस्टमध्ये असतं तसं नाही. कॅथरिन पुन्हा पुन्हा जेवायला बोलावतात, सणाला या म्हणतात, आला नाहीत म्हणून रागावतात. टेस्ला बऱ्याचदा कामाचं कारण पुढे करतात. म्हणजे जगाने त्यांना वाळीत टाकलं होतं असं नाही. दार उघडं होतं, पण ते प्रत्येक वेळी कामाकडे वळत होते. त्याची किंमत त्यांच्याइतकीच त्यांच्या मित्रांनीही मोजली. कॅथरिन यांचं 1920 च्या दशकात निधन झालं. टेस्लांशी संपर्क तोडू नका, असं त्यांनी शेवटच्या रात्री रॉबर्टना बजावलं होतं. रॉबर्ट यांनी ही गोष्ट स्वतः टेस्लांना पत्रातून कळवली. 1937 मध्ये रॉबर्टही गेले. हॉटेलच्या खोलीतला तो एकाकी म्हातारा या सगळ्या नंतरचा आहे.

स्वामी विवेकानंदांचं पत्र खरं आहे का?

टेस्लांचा विषय निघाला की आपल्याकडे हा प्रश्न येतोच. पत्र खरं आहे, पण ते टेस्लांचं नाही. विवेकानंदांनी 13 फेब्रुवारी 1896 रोजी न्यूयॉर्कहून आपले इंग्लंडमधले स्नेही ई. टी. स्टर्डी यांना ते लिहिलं. प्राण आणि आकाश या वेदान्तातल्या कल्पना ऐकून टेस्ला भारावले, शक्ती आणि जडद्रव्य यांचं मूळ एकच आहे हे गणिताने दाखवता येईल असं त्यांना वाटतं, असा त्यातला मजकूर आहे. टेस्लांनी ते गणित मात्र कधीच मांडलं नाही. त्यामुळे 'वेदांतून टेस्लांनी वीज शोधली' हा दावा या पत्रावर उभा राहत नाही. शिवाय टेस्लांचे एसी मोटारीचे मुख्य पेटंट 1888 चे, म्हणजे या भेटीच्या आठ वर्षं आधीचे आहेत.

ही पत्रं आज कुठे आहेत?

टेस्लांच्या मृत्यूनंतर त्यांचे भाचे सावा कोसानोविच यांच्या प्रयत्नांतून त्यांची कागदपत्रं बेलग्रेडला पोहोचली. तिथलं निकोला टेस्ला संग्रहालय 1952 मध्ये स्थापन झालं. 2003 मध्ये युनेस्कोने हा दस्तऐवज 'जगाची स्मृती' या यादीत घेतला.

पत्राला तारीख असते, पाठवणारा असतो आणि ते कुणासाठी लिहिलंय हेही कळतं. फोटोवर चिकटवलेल्या वाक्याला यातलं काहीच नसतं. त्यामुळे टेस्लांच्या नावाने पुढची पोस्ट आली की एवढंच विचारा: हे त्यांनी कुणाला आणि कधी लिहिलं? उत्तर नसेल, तर ती फॉरवर्ड करण्याची घाई करू नका.