घरातला अबोला

एका छपराखाली राहून परस्परांशी बोलू नये, हे माणसांत घडतेच. गेल्या दिवाळीत आमच्या दोन संगणकांनीही अबोला धरला. जुन्यात आईच्या आवाजातल्या ओव्या होत्या. आई आता नाही. आणि त्या यंत्राचाही भरवसा उरला नव्हता. पेनड्राइव्ह लावायची खाचदेखील निकामी! तेव्हा घरच्या नेटवर्कवरूनच ओव्या कन्येच्या संगणकावर न्यायच्या. आमची एम. ए. येथे काय कामाची?

कन्येने आधी दोघांचे पत्ते पाहिले. नव्याचा १९२.१६८ने सुरू होणारा, जुन्याचा १६९.२५४ने. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, की संगणक हा असला पत्ता स्वतःच लावून घेतो म्हणे. बिऱ्हाड एक, गल्ल्या दोन! मुडपलेली केबल बदलताच पत्ता सुधारला.

तरी हाकेला ओ नाहीच. जुन्या विंडोजने घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ समजून फायरवॉलची कडी लावली होती. अशा वेळी काहीजण फायरवॉलच बंद करतात. कडी अडकली म्हणून दार उखडावे, तसे! कन्येने नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केले, फाइल शेअरिंग सुरू केले.

रात्री साडेअकराला पहिली ओवी वाजली. करंज्या तळणारी सौ. गॅस बंद करून बाहेर आली.