गरोदर बाईची कावीळ : एक दिवसही थांबू नका



पावसाळ्यात गावात दोन-चार माणसं तरी काविळीनं पिवळी पडतात. आपण म्हणतो, "पथ्य पाळा, ऊस खा, होईल बरं." बहुतेक माणसं बरी होतातही. पण घरात गरोदर बाई असेल तर हा हिशेब चालत नाही. का, ते नीट समजून घ्या.

काविळीचे प्रकार अनेक आहेत. त्यातली 'हिपॅटायटिस ई' ही कावीळ मुख्यतः दूषित पाण्यातून येते. रोग्याच्या विष्ठेतले विषाणू पाण्यात मिसळतात. ते पाणी पोटात गेल्यावर २ ते १० आठवड्यांनी रोग दिसतो. म्हणजे आज डोळे पिवळे झाले, तर दोष महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा असतो. म्हणूनच विहिरीचा संशय कुणाला येत नाही.

गरोदर बायकांत ती किती आढळते?

१९७८ साली काश्मीर खोऱ्यात या काविळीची मोठी साथ आली. डॉक्टरांनी तेव्हा मोजदाद केली. २०८ गरोदर बायकांपैकी ३६ जणींना कावीळ झाली होती, म्हणजे शंभरात सतरा. गरोदर नसलेल्या बायकांत हे प्रमाण शंभरात दोन आणि पुरुषांत शंभरात तीनच्या आत होतं. पहिल्या तीन महिन्यांत शंभरात नऊ जणींना, तर पुढच्या महिन्यांत शंभरात अठरा-एकोणीस जणींना ती झाली. शिवाय त्या ३६ पैकी ८ जणींचं यकृत, म्हणजे लिव्हर, निकामी होण्यापर्यंत मजल गेली. गरोदर नसलेल्या बायकांत असं एकीचंही झालं नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या शंभर बायकांमागे वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. पोटातल्या बाळालाही धोका असतो.

हे फक्त दूरच्या मुलखात घडतं असं समजू नका. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचं पाणी सांडपाण्यानं बिघडलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली हीच साथ आली होती.

दवाखाना केव्हा गाठायचा?

डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अन्नावरची वासना उडाली, सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी. बाई गुंगीत राहू लागली, बरळू लागली किंवा कुठूनही रक्त जाऊ लागलं, तर एक तासही दवडू नका. १०८ नंबरला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

कावीळ उतरवणं, गळ्यात माळ घालणं, डाग देणं, नाकात औषध सोडणं यात चार दिवस जातात, आणि तेच चार दिवस मोलाचे असतात. एरवी माणूस आपोआप बरा होतो, म्हणून माळेला यश मिळाल्यासारखं वाटतं. गरोदर बाईवर तो प्रयोग करू नका. ताप-अंगदुखीची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, काही गोळ्या यकृताला आणखी त्रास देतात.

पाणी कसं सांभाळायचं?

गरोदर बाईचं पिण्याचं पाणी रोज उकळा. खळखळून उकळी आल्यावर आणखी पाच मिनिटं ठेवा. गार झाल्यावर झाकून ठेवा आणि ओगराळ्यानं घ्या, हात बुडवू नका. खुरपणीला जाताना तेच पाणी बरोबर द्या. पाटाचं किंवा ओढ्याचं पाणी ओंजळीनं पिणं बंद.

विहिरीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल, टाकायची ती मोजून. १,००० लिटर पाण्याला चांगली पावडर अडीच ग्रॅम लागते. ३ मीटर रुंद गोल विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरतं, त्याला ७० ग्रॅम पावडर पुरे. साथ चालू असेल तर किती टाकायची ते आरोग्य सेवकाला विचारा. पावडर बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडा आणि पोहऱ्यानं ढवळा. निदान एक तास पाणी शेंदू नका. रात्री टाकलेली उत्तम.

नळाची पाइप गटारातून जात असेल किंवा फुटली असेल तर ग्रामपंचायतीला लगेच लेखी कळवा.

शंका-समाधान

'कावीळ ब' ची लस टोचली असली तरी ती 'ई' ला चालत नाही. 'ई' ची लस निघाली आहे, २०११ साली चीननं तिला मान्यता दिली. पण आपल्या गावच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. तेव्हा आपली राखण पाण्यानंच करायची. रोग्याला वाळीत टाकण्याचं कारण नाही. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी साबणानं हात धुवावेत, म्हणजे झालं.

भगिनींनो, सासूबाईंनो, घरात पाऊल भारी असलेली सून-लेक असेल तर आजपासून तिचा हंडा वेगळा ठेवा आणि त्यात उकळलेलंच पाणी भरा. आशाताईंना तिचं नाव सांगून ठेवा. हे पत्रक वाचून झालं की शेजारच्या घरी द्या.