गाऱ्हाणे अडले कुठे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. अभियांत्रिकी शिकणारी माझी भाची वसतिगृहातून मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी आली होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि लॅपटॉपवर पान उघडेना. घरात सगळ्यांनी एकच निदान केले, "रेंज नाय." पोरगी छत्री घेऊन सड्यावर गेली. तिथे फोनला पूर्ण रेंज होती, फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालत होते. पण त्याच फोनचे हॉटस्पॉट घेतलेला लॅपटॉप ढिम्म हलेना. चार तासांनी ती चिंब भिजून, रडकुंडीला येऊन परतली.

रेंजला दोष देण्याची आमची सवय निराधार नाही. करोनाच्या काळात इथल्या मुलांनी डोंगरावर बसून तास ऐकले आहेत. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत अनेक दिवस ना वीज होती ना फोन. पण खरे दुखणे इतके अंगवळणी पडते, की त्याच्याआड दुसरे लपून राहते. लॅपटॉपच्या पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते, की प्रॉक्सी सर्व्हरमध्ये बिघाड आहे किंवा त्याचा पत्ता चुकला आहे. ते कोणी वाचलेच नव्हते.

'प्रॉक्सी' म्हटले की आपल्याला कॉलेजातली दुसऱ्याने लावलेली हजेरी आठवते. अर्थ तोच, दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा. तुमचा संगणक थेट संकेतस्थळाकडे जात नाही. तो आपली मागणी मधल्या संगणकाला सांगतो, तो पुढे जाऊन विचारतो आणि उत्तर आणून देतो. मे १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेबची पहिली जागतिक परिषद भरली, तिथेच आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी या प्रॉक्सीवर निबंध सादर केला होता. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे सायबर कॅफेवाले एकाच टेलिफोन लाइनवर चार-पाच संगणक चालवत, तेही बऱ्याचदा अशाच मध्यस्थाच्या जोरावर. कार्यालये आणि वसतिगृहे तो ठेवतात, कारण कोण काय पाहतो यावर नजर राहते, नको ती दारे बंद करता येतात आणि पुन्हा पुन्हा मागितलेली पाने साठवून ठेवता येतात.

आमच्या गावांना हा प्रकार नवा नाही. चाकरमानी देवाला थेट प्रश्न विचारत नाही. त्याच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते, गुरव देवाला कळ्या किंवा तांदूळ लावतो आणि उजवा की डावा कौल पडला ते सांगतो. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीखसुद्धा पंचांगातून निघत नाही, देवीच्या कौलाने ठरते. आता समजा, कौल मिळाला नाही. कारणे तीन असू शकतात. देवळात गुरवच नाही, किंवा गुरव आहे, पण "तू खंयच्या घराण्यातलो?" असे विचारून थांबला आहे, किंवा त्याने सगळे रीतसर केले आणि देवच गप्प आहे. प्रॉक्सीचे बहुतेक बिघाड या तिघांत बसतात. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

भाचीचा बिघाड पहिल्या जातीचा होता. वसतिगृहात तिच्या लॅपटॉपमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरून दिलेला होता, दहाच्या आकड्याने सुरू होणारा. दहाने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे असे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले असतात. त्या जाळ्याबाहेर त्यांना अर्थ नसतो. देऊळवाडी गावोगाव असते. नुसते "देऊळवाडीतले पहिले घर" असे लिहिलेले पत्र आचऱ्यात टाकले, तर ते देवगडच्या माणसाला कसे मिळणार? लॅपटॉप सड्यावर उभा राहून वसतिगृहातल्या गुरवाला हाका मारत होता.

ओळखायची खूण सोपी. त्याच जोडणीवर फोनमध्ये पान उघडते आणि लॅपटॉपवर नाही, तर रेंज निर्दोष. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'खाली 'प्रॉक्सी' आहे. तिथे हाताने भरलेला पत्ता बंद करायचा. आपोआप सेटिंग उचलणारी 'सेटअप स्क्रिप्ट' चालू असेल तर तीही पाहावी. क्रोम हीच नोंद वापरतो, फायरफॉक्स स्वतःची वेगळी ठेवू शकतो. म्हणून कधी एक ब्राउझर चालतो आणि दुसरा रुसतो. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ दिसले तर सावध व्हावे. तो संगणकाचा स्वतःचाच पत्ता. काढून टाकलेला एखादा प्रोग्रॅम किंवा आगंतुक व्हायरस तो मागे ठेवून जातो. कार्यालयाच्या लॅपटॉपवर मात्र परवानगीशिवाय हात लावू नये.

४०७ हा आकडा म्हणजे गुरव भेटला, ओळख मागतो आहे. बहुधा पासवर्ड बदललेला असतो आणि संगणक जुनाच पुढे करत राहतो.

५०२ आणि ५०४ वेगळे. मध्यस्थ जागेवर आहे, पण पलीकडून विचित्र उत्तर आले (५०२) किंवा वेळेत आलेच नाही (५०४). तुम्ही प्रॉक्सी वापरत नसलात तरी हे आकडे दिसतात, कारण मोठ्या संकेतस्थळांच्या दारातही त्यांचे स्वतःचे मध्यस्थ बसलेले असतात. इथे आपल्या सेटिंग्ज उसवण्यात काही हशील नाही. लोक नेमके तेच करतात. आणखी एक, ५०४ आला म्हणजे अर्ज गेला नाही असे नव्हे. तो कदाचित पोचला असेल आणि फक्त पोच परत आली नसेल. म्हणून पुन्हा शुल्क भरण्याआधी अर्जाची स्थिती पाहावी.

हे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. त्या रात्री साडेसातला प्रॉक्सी बंद केला, पान उघडले, आणि अर्ज 'सबमिट' करताच ५०४. शेवटच्या दिवशी सगळा महाराष्ट्र त्याच दारात उभा असणार. भाची पुन्हा सेटिंग्जकडे वळली; मी तिचा हात धरला. दर वीस मिनिटांनी आम्ही अर्जाची स्थिती पाहत होतो. सव्वाअकराला क्रमांक उमटला. अर्ज पहिल्याच खेपेला नोंदला गेला होता.

आठवड्याने वसतिगृहातून तिचा फोन आला.

"मामा, हय आता नेट चलणा नाय!"

प्रॉक्सी पुन्हा चालू करायला मी सांगितलेच नव्हते.