निवाऱ्यातील शांत, प्रौढ कुत्र्यास घर

ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर आज जेथे नवी मुंबई शहर उभे आहे, तेथे साठ वर्षांपूर्वी भातखाचरे, मिठागरे व कोळीवाडे होते. दिनांक १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी शहराकरिता घेण्याचे काम सुरू झाले. गावठाणे राहिली, शेते गेली. शेताबरोबर खळे गेले, गोठा गेला, आणि रात्री खळ्याची राखण करावी व सकाळी अंगणात मिळेल तो भात खावा एवढाच व्यवहार ज्यास ठाऊक होता, त्या गावच्या कुत्र्याचे कामही गेले. शहरात कुत्रे उपरे आले असे शहरवासी समजतात. वस्तुतः पुष्कळ ठिकाणी कुत्रे आधीचे व इमारती नंतरच्या आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रस्त्यावरील सर्व कुत्री हा नाही. निवाऱ्यात येऊन पडलेला, वयात आलेला, स्वभावाने शांत असा जो कुत्रा असतो, त्यास घर कसे मिळवून द्यावे आणि ज्या शेतकऱ्यास तो घ्यावयाचा आहे त्याने काय पाहावे, एवढ्यापुरताच विचार येथे केला आहे. पनवेल, उरण, कर्जत, खालापूर ह्या भागांतील शेतकरी बंधुभगिनींना व ग्रामसेवकांना हा प्रश्न दूरचा नाही. शहर त्यांच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले आहे.

निवाऱ्यात कुत्रे का येते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सन २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या सन २०२३ च्या नियमांनी, अशी पद्धत घालून दिली आहे की रस्त्यावरील कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, पिसाळ रोगाची लस टोचावी, कानास खूण करावी आणि जेथून आणले तेथेच परत सोडावे. ह्या पद्धतीत निवारा हे कायमचे घर नसून दवाखान्यातील खाटेसारखी तात्पुरती जागा आहे. परंतु काही जनावरे परत जाऊ शकत नाहीत. कोणाचा पाय मोटारीखाली सापडलेला असतो. कोणाची दृष्टी गेलेली असते. कोणी मुळात पाळलेलेच असते. मालकाची बदली झाली, घरात मूल जन्मले किंवा भाड्याचे घर बदलले, म्हणून ते रस्त्यावर आलेले असते. आणि चौथा प्रकार आहे तोच आमच्या लेखाचा विषय होय. हे कुत्रे धडधाकट असते, परंतु इतके मवाळ असते की गल्लीतील इतर कुत्र्यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. अन्न पडले की ते मागे सरते. भांडण लागले की ते पाठीवर पडून पोट दाखविते. घरात जो गुण, तोच रस्त्यावर घातक ठरतो.

औद्योगिक वसाहतींत तर ह्या जनावरांचे हाल विचारू नयेत. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा येथील काही कुत्र्यांच्या अंगावरील केस निळे झालेले लोकांनी पाहिले. कारखान्याचे रंगाचे सांडपाणी हे त्याचे कारण होते आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करविला. त्या छायाचित्रांचे देशोदेशी कौतुक झाले! अन्न शोधत शोधत कुत्रे कोठवर जाते, हा त्यातील खरा बोध फार थोड्यांनी घेतला.

सन २०२५ मध्ये हा प्रश्न न्यायालयाने पुन्हा ऐरणीवर आणला. दिल्ली परिसरातील सर्व कुत्री निवाऱ्यांत ठेवावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट रोजी दिला. २२ ऑगस्ट रोजी तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे सांगितले. त्याच आदेशात प्राणिप्रेमी व्यक्तींना स्थानिक संस्थेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेण्याची मुभा देण्यात आली. मात्र घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत व तेथे परत सोडू नयेत असा आदेश झाला. अशा आदेशाने निवाऱ्यावर किती भार येतो हे सांगावयास गणित नको. एक शांत कुत्रे घरी गेले की एक पिंजरा मोकळा होतो, आणि तो बहुधा त्याच दिवशी भरतो.

तरीही दत्तक ही सक्तीने करावयाची गोष्ट नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्यांस भटक्या कुत्र्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी ती दत्तक घ्यावीत, अशा आशयाचा आदेश दिला होता. पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. भाकरीचा तुकडा टाकणे व घरात जागा देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. संत नामदेवांची कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ती दया थोर खरीच. परंतु दत्तक घेणाऱ्यास दहा वर्षे रोज धावावे लागते, आणि त्यात तूप थोडे व गोचीड फार असतात.

निवाऱ्यात येणाऱ्या मनुष्यास पिल्लू हवे असते असा सर्वत्र अनुभव आहे. पिल्लू गोजिरवाणे दिसते, ते आपल्या वळणावर जाईल अशी आशा असते. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने हिशेब उलटा आहे. पिल्लू मोठे किती होईल, कोंबड्यांमागे धावेल की काय, मुलांस चावेल की काय, ह्यांपैकी काहीच आज सांगता येत नाही. शिवाय पिल्लांस होणारे पार्व्हो व डिस्टेंपर हे रोग त्यांतील कित्येकांस नेतात. प्रौढ कुत्र्याची उंची ठरलेली, स्वभाव ठरलेला, दात आलेले आणि नसबंदी बहुधा झालेली असते. कानास खाच दिसली म्हणजे शस्त्रक्रिया झाली असे समजावे. म्हातारे कुत्रे शिकत नाही हा समजही चुकीचा आहे. चार-पाच वर्षांचे कुत्रे दावणीला कोठे बसावे व उंबरठा ओलांडू नये हे थोड्या आठवड्यांत शिकते, कारण त्यास दिवसभर खेळण्याची घाई नसते.

आता शांतपणाची परीक्षा. येथे मोठी गफलत होते. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून, शेपटी पोटाखाली घालून निश्चल बसलेले कुत्रे शांत नसते, भ्यालेले असते. आणि भ्यालेले जनावर कोंडीत सापडले म्हणजे चावते. शांत कुत्र्याचे अंग सैल असते. तोंड किंचित उघडे असते, शेपटी पाठीच्या पातळीत सावकाश हलते. आपण समोर उभे न राहता थोडे तिरके, खाली बसावे व हात पुढे न करता वाट पाहावी. ते आपण होऊन जवळ आले, हुंगले आणि बाजूस बसले, तर अर्धी परीक्षा झाली. उरलेली अर्धी निवाऱ्याबाहेर घ्यावी. दोरी लावून त्यास फिरवावे, वाटेत मूल, सायकल, शेळी किंवा कोंबडी दिसली असता ते काय करते हे पाहावे. ताणून धरलेली दोरी व एकटक लागलेली नजर हे लक्षण कोंबड्या पाळणाऱ्या घरास योग्य नव्हे. एका भेटीत निर्णय करू नये. आणि रोज सकाळी जो मनुष्य त्यास अन्न घालतो व पिंजरा धुतो, त्यास अवश्य विचारावे. त्याचा एक शब्द कोणत्याही दाखल्यापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

ह्या कुत्र्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही आधीच ठरवावे. ते अनोळखी मनुष्य आल्यास भुंकेल, रात्री आवाज झाल्यास उठेल. चोराच्या अंगावर ते जाणार नाही, रानडुकरे हाकलणार नाही आणि लातूर-सोलापूरकडील कारवानी कुत्र्याप्रमाणे सशामागे पळणार नाही. ज्यास ते काम हवे आहे त्याने हे कुत्रे घेऊच नये. बिबट्याच्या टापूत तर विशेष विचार हवा. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव जनावरांपैकी कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा आढळला. अशा भागात रात्री कुत्र्यास अंगणात साखळीने बांधून ठेवणे म्हणजे त्यास ताटात वाढून ठेवणे होय. त्यास गोठ्यात, दार लावून, आत घ्यावे.

कुत्रे घरी आणल्यावर पहिले तीन दिवस त्यास जवळजवळ एकटे सोडावे. पाहुण्यांस दाखवू नये, मुलांस अंगावर पडू देऊ नये, आंघोळ घालू नये. एक कोपरा, एक गोणपाट व पाण्याचे भांडे एवढे पुरे. काही कुत्री ह्या दिवसांत खातही नाहीत. ती आजारी असतात असे नाही. घराचा दिनक्रम अंगवळणी पडण्यास सुमारे तीन आठवडे व घर आपले वाटण्यास तीन महिने लागतात, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. ह्या काळात दोरीवाचून मोकळे सोडू नये, कारण ते पळाले तर जुन्या जागेच्या शोधात महामार्गावर जाते. निवाऱ्यात जे अन्न मिळत होते तेच प्रथम द्यावे व हळूहळू आपल्या घरच्या भाकरी, भात, अंडी, मासळी ह्यांवर आणावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व शिजविलेली हाडे देऊ नयेत.

पशुपालकाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शेळी-मेंढी कापल्यावर तिचे कच्चे यकृत, फुप्फुस किंवा डोके कुत्र्यास टाकण्याची चाल आहे. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडून पुन्हा मेंढ्यांच्या पोटात जातात. मेंदूत गाठ झालेली मेंढी गोल गोल फिरून मरते, आणि ह्याच वर्गातील दुसऱ्या कृमीमुळे माणसाच्या यकृतातही पाण्याच्या गाठी होतात. म्हणून ही चाल बंद करावी व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंतनाशक औषध द्यावे. पिसाळ रोगाची लस दर वर्षी टोचून घ्यावी व कार्ड जपून ठेवावे. उंदरांचे विष व फवारणीची औषधे कुलपात असावीत; फवारणीनंतरची रिकामी डबडी हुंगूनही कुत्री मेली आहेत.

एवढे करूनही एखादे वेळी कुत्रे चावले, मग ते घरचे असो वा लस टोचलेले असो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय दवाखान्यात जावे. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. तेथे त्वचेत टोचावयाची लस पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. जखमेतून रक्त आले असल्यास जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही घ्यावे लागते. पिसाळ रोग एकदा प्रकट झाला की त्यावर उपाय उरत नाही.

महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्याने कुत्र्याचा परवाना काढावा. गृहनिर्माण संस्थेस कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी करता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने सन २०१५ मध्येच कळविले आहे. तरीही शेजाऱ्यांस आधी भेटून सांगितलेले बरे. परिपत्रक दाखवून जोडलेला शेजार फार दिवस टिकत नाही.

ग्रामसेवकांनी व पशुधन पर्यवेक्षकांनी ह्या कामी मध्यस्थी करावी. गावात कोणाचे कुत्रे नुकतेच मेले, कोणत्या वृद्ध दांपत्याची मुले शहरात गेली, कोणाच्या वाडीत दिवसभर माणूस असतो, हे त्यांस ठाऊक असते. निवाऱ्यातील कार्यकर्त्यास ते ठाऊक नसते. अशा घरी एकदा कुत्रे देण्यापूर्वी व एकदा दिल्यानंतर महिन्याभराने जावे. दुसऱ्या भेटीत कुत्र्यापेक्षा घरातील बाईशी अधिक बोलावे, कारण अन्न तीच घालते. ती म्हणाली की हे आम्हांस जमत नाही, तर रागावू नये व आग्रह करू नये. कुत्रे निवाऱ्यात परत पोहोचवावे आणि दुसरे घर पाहावे. बाजाराच्या दिवशी टेम्पोत घालून दुसऱ्या गावी सोडून देणे एवढे मात्र कोणी करू नये. नसबंदी झालेले असो वा नसो, त्या गावची कुत्री त्यास पहिल्या रात्रीच फाडतात.